दमट हवेतील डाळिंब : कोकणच्या परसबागेसाठी बहाराचे गणित

डाळिंब हे मूळचे कोरड्या हवेचे फळझाड आहे. इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान मानले जाते. कडक उन्हाळा, बेताचा पाऊस, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. आपल्या राज्यात सोलापूर, सांगली, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांतील कमी पावसाच्या तालुक्यांनी हे झाड आपलेसे केले, ते याच कारणाने. सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा ही नावे आज डाळिंबाशी जोडली गेली आहेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ साली सोलापूर येथेच स्थापन झाले.

अशा झाडाविषयी कोकणातील शेतकरी विचारतात, "आमच्याकडे डाळिंब होईल काय?" हा प्रश्न वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. कोकणात वर्षाकाठी सुमारे २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्र जवळ असल्याने हवेतील ओलावा वर्षभर टिकून राहतो. रात्री फारशा थंड होत नाहीत. तरीही किनारपट्टीच्या गावांतून हिंडताना एखाद्या घराच्या परसात, विहिरीच्या काठी किंवा चिऱ्यांच्या गडग्यालगत शेंदरी फुलांनी भरलेले डाळिंबाचे झाड दृष्टीस पडते. काही झाडे नुसती फुलतात. काहींना फळे धरतात, पण ती पावसात काळी पडून गळतात. काही थोड्या झाडांवर मात्र वैशाखात चांगली पोसलेली, निरोगी फळे दिसतात. या तिन्ही प्रकारच्या झाडांवर तोच पाऊस पडतो आणि तीच हवा वाहते. मग फरक कशाने पडतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

एक चूक आणि तिचा धडा

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण पठारावर झाले. डाळिंबाची जी माहिती मिळाली, ती सर्व पठारावरील बागांची. कोकणात नेमणूक झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी एका शेतकरी बंधूंनी २५ कलमे लावण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांना पाठ केल्याप्रमाणे सल्ला दिला. भाताच्या खाचराला लागून असलेली सपाट, ओलाव्याची जमीन निवडली. झाडे तिसऱ्या वर्षात आल्यावर, पाणी वाचेल या विचाराने, मृग बहार धरण्यास सांगितले. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडले. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर झाडे फुलांनी लालभडक झाली. घरातील मंडळींना आनंद झाला आणि सल्ला देणाऱ्यालाही झाला.

जुलै महिन्यात १५ दिवस पावसाने उसंत दिली नाही. अर्ध्याहून अधिक फुले गळाली. जी फळे धरली, त्यांच्यावर प्रथम तेलकट ठिपके आले, मग ते काळे पडले आणि फळे तडकली. ऑगस्टअखेर टोपल्याच्या टोपल्या सडकी फळे खड्ड्यात पुरावी लागली. त्याच पावसाळ्यात पाणी साचून ७ झाडे मेली. त्या गृहस्थांनी एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी इतकेच विचारले, "साहेब, पुढच्या वर्षी काय करू?" त्या प्रश्नाला त्या दिवशी देण्यासारखे उत्तर नव्हते.

उत्तर त्याच वाडीत मिळाले. तेथील एका वृद्ध आजींच्या परसात गडग्याच्या कडेला, चिऱ्यांच्या उंचवट्यावर, डाळिंबाचे एकच झाड होते. त्यावर दरवर्षी मे महिन्यात फळे येत. "आजी, तुम्ही याला पाणी केव्हा घालता?" असे विचारता त्या म्हणाल्या, "पाऊस गेल्यावर महिनाभर कशाला घालायचे पाणी? जमिनीत ओल असतेच. तुळशीचे लग्न लागले, की आमचे शिंपणे सुरू होते. तेव्हा यालाही दोन घागरी मिळतात." पावसाळ्यात येणारी फुले त्या देवपूजेसाठी खुडून नेत असत. आजींना बहार हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु झाडाला ताण केव्हा द्यावा, पाणी केव्हा सुरू करावे आणि पावसाळ्यात फळ का धरू देऊ नये, या तिन्ही गोष्टी त्यांच्या घरच्या रिवाजाने आपोआप साधल्या जात होत्या. पुढे सांगितलेली सर्व पद्धत या तीन गोष्टींवर उभी आहे.

दमट हवेने काय बिघडते?

डाळिंबाचे झाड दमट हवेत मरत नाही. उलट ते जोमाने वाढते. बिघडते ते फळ. याची कारणे चार आहेत.

पहिले कारण रोगाचे. तेल्या हा डाळिंबाचा सर्वांत घातक रोग एका जिवाणूमुळे होतो. पानावर किंवा फळावर पाणी साचून राहिले, की हे जिवाणू पर्णरंध्रांतून व जखमांतून आत शिरतात. सुमारे २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा त्यांना मानवते. कोकणातील पावसाळा म्हणजे नेमकी हीच स्थिती. पावसाच्या थेंबांबरोबर उडणाऱ्या तुषारांतून रोग एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो.

दुसरे कारण प्रकाशाचे. ढगाळ हवेत झाड पाने व लांबलचक फुटवे काढते, पण फुलांसाठी लागणारा अन्नसाठा फांद्यांत होत नाही. फुले आलीच, तर त्यांत नर फुलांचे प्रमाण अधिक राहते. भर पावसात मधमाश्या फिरत नाहीत, म्हणून फलधारणाही कमी होते.

तिसरे कारण मुळांचे. डाळिंबाच्या मुळांना हवा लागते. आळ्यात पाणी साचून राहिले, तर मुळे कुजतात आणि मर रोगास वाट मिळते.

चौथे कारण रंगाचे. सालीस व दाण्यांस गडद रंग येण्यासाठी कोरडे दिवस व थंड रात्री लागतात. समुद्रकाठच्या उबदार रात्रींत रंग फिका राहतो. यावर पूर्ण इलाज नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. फळ फिके असले, तरी निरोगी व रसाळ असू शकते.

परंतु कोकणाची हवा बारमाही सारखी नसते, हे विसरू नये. येथील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे साडेसात महिने आकाश बहुधा निरभ्र असते. हवेत ओलावा असला, तरी पानांवर पावसाचे पाणी नसते. डाळिंबाचे फूल व फळ या साडेसात महिन्यांत बसवावयाचे, हेच दमट हवेतील डाळिंबाचे मर्म आहे.

जागा व लागवड

खाचराची, पाणथळ किंवा सखल जागा पूर्णपणे टाळावी. वरकस उताराची, जांभ्या मातीची आणि दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडावी. नारळ, आंबा किंवा फणसाच्या सावलीत डाळिंब लावू नये. सावलीतील झाड उंच वाढते, पण फळत नाही. पाने लवकर सुकावीत म्हणून वारा खेळता असावा. डाळिंब मध्यम प्रमाणात क्षार सोसते, त्यामुळे किनाऱ्याजवळील परसातही ते तग धरते.

उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. खाली कातळ लागल्यास तो फोडून पाण्याला वाट करून द्यावी. अन्यथा खड्डा म्हणजे पाण्याचे टाके होते. खड्ड्यात चांगली माती, २० किलो कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरावे. जांभी माती आम्लधर्मी असते, तर डाळिंबास उदासीनतेच्या जवळची माती मानवते. म्हणून मातीपरीक्षण करून, अहवालात सांगितल्याप्रमाणे चुना मिसळावा. भरलेला खड्डा जमिनीच्या पातळीवर न ठेवता सुमारे ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीचा, पसरट उतरणीचा ढीग करावा आणि कलम त्या ढिगावर लावावे. आजींच्या झाडाला चिऱ्यांचा उंचवटा लाभला होता; आपण तो मुद्दाम तयार करावा. दोन झाडांत ५ मीटर अंतर ठेवावे. पठारावर याहून जवळ लावतात, पण येथे झाडांच्या फांद्या एकमेकींना लागता कामा नयेत.

जातीची निवड व कलमे

बाजारात आज भगवा या जातीला मोठा मान आहे. फळ मोठे, साल जाड व चकचकीत, दाणे लालभडक. पण या जातीचे फळ फुलापासून तयार होण्यास सुमारे सहा महिने घेते. कोकणात मार्गशीर्षात आलेले भगव्याचे फूल तयार फळ होईपर्यंत मृगाचा पाऊस येऊन ठेपतो आणि पाच महिन्यांची मेहनत शेवटच्या पंधरवड्यात वाया जाते.

त्यापेक्षा लवकर तयार होणारी जात घ्यावी. गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली आळंदी या जातीतून निवडली. तिचे बी मऊ, दाणे फिक्या गुलाबी रंगाचे व गोड असतात आणि फळ साधारण पाच महिन्यांत तयार होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली मृदुला ही जातही लवकर येणारी असून तिचे दाणे गडद लाल आहेत. घरच्या झाडांसाठी या दोन जाती पुरेशा आहेत.

रोपे बियांपासून करू नयेत. ती मातृवृक्षासारखी निघत नाहीत. पावसाळ्यात कोकणच्या हवेत गुटी कलम फार सुलभतेने होते. पेन्सिलीच्या जाडीच्या, एक वर्ष वयाच्या फांदीवरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी. त्या जागी ओले शेवाळ बांधून वर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. चार ते सहा आठवड्यांत मुळ्या दिसू लागतात. मात्र ज्या झाडावर तेल्याचा एकही डाग आढळला असेल, त्याचे कलम करू नये. हा रोग दूरच्या गावी जातो, तो बहुतेक वेळा कलमांबरोबरच जातो. बाहेरून कलमे आणावयाची झाल्यास ती शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

लागवडीनंतर झाडाची ३ खोडे राखावीत आणि बाकीचे फुटवे बुडाशी काढावेत. जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत फांद्या ठेवू नयेत, म्हणजे पावसाने उडालेला चिखल पानांवर जात नाही. मध्यभाग मोकळा ठेवावा, म्हणजे ऊन व वारा आत पोहोचतो. पहिली दोन वर्षे एकही फळ धरू देऊ नये.

बहाराचे गणित

पठारावर शेतकरी तीनपैकी एक बहार धरतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात तो आंबे बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. कोकणासाठी यांपैकी एकही जसाच्या तसा उपयोगी नाही. मृग बहाराची फळे भर पावसात सापडतात. आंबे बहाराची फळे जून उजाडल्यावर तयार होतात. हस्त बहारासाठी पाऊस संपण्याआधी ताण द्यावा लागतो आणि येथे तर जमीन ऑक्टोबरपर्यंत ओलीचिंब असते.

म्हणून गणित उलटे मांडावे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी येणारे वळवाचे पाऊस लक्षात घेता शेवटचे फळ २० मेच्या आत झाडावरून उतरले पाहिजे. गणेश जातीच्या फळाला फुलापासून पाच महिने लागतात. म्हणजे फुले १५ ते २० डिसेंबरपर्यंत यावयास हवीत. पाणी सुरू केल्यापासून फुले येण्यास साधारण एक महिना जातो; म्हणजे पहिले पाणी १५ नोव्हेंबरच्या आसपास द्यावयास हवे. हलक्या जमिनीत ताण चार ते पाच आठवड्यांचा पुरतो. म्हणजे ताण १० ते १५ ऑक्टोबरपासून सुरू व्हावा. पाऊस परतण्याची वेळही हीच असते. तुळशीच्या लग्नाची तिथी इंग्रजी महिन्याप्रमाणे मागेपुढे होते, पण ती बहुधा नोव्हेंबरात येते. अशा रीतीने आजींचा रिवाज आणि आपला हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

ताण म्हणजे झाडाला केलेली शिक्षा नव्हे. पाणी तुटले, की नवी पालवी थांबते. पानांनी तयार केलेले अन्न वाढीत खर्च न होता फांद्यांत साठते. पुढे पाणी मिळताच त्या साठ्याच्या बळावर झाड एकदम फुलते. जांभ्या उताराच्या जमिनीत हा ताण सहज बसतो. सखल जमिनीत तो बसतच नाही. जागेच्या निवडीवर इतका भर दिला, त्याचे हेही एक कारण आहे.

बहाराच्या वेळची कामे

ताणाच्या शेवटी बरीचशी पाने पिवळी पडून गळतात. राहिलेली पाने थोड्या झाडांवर हातानेच ओरबाडून काढता येतात. त्यानंतर रोगट, वाळलेल्या, आत वळलेल्या फांद्या व पाणसोट छाटावेत. छाटणी कोरड्या दिवशी करावी. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवावी. पडलेली पाने व छाटलेल्या फांद्या गोळा करून बागेबाहेर जाळाव्यात. छाटणी होताच झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

नंतर आळे हलके खणून खते द्यावीत. पाच वर्षांवरील झाडास वर्षाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश अशी पठारावरील शिफारस आहे. हे प्रमाण सुमारे १,३५० ग्रॅम युरिया, १,५५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४२० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश यांतून मिळते. लहान झाडास त्या मानाने कमी द्यावे. स्फुरद, पालाश व २० ते २५ किलो शेणखत पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. नत्राचे तीन भाग करून ते नोव्हेंबर, जानेवारी व मार्च महिन्यांत द्यावेत. पावसाळ्यात नत्र देऊ नये. त्यातील बरेचसे वाहून जाते आणि उरलेल्याने लुसलुशीत, रोगाला बळी पडणारी पालवी फुटते.

पहिले पाणी हलके द्यावे, दुसरे त्याहून थोडे अधिक, आणि त्यानंतर नियमित. पूर्ण वाढलेल्या झाडास हंगामाप्रमाणे रोज २० ते ४० लिटर पाणी पुरते. ठिबक असल्यास उत्तम. नसल्यास घागरीने दिले तरी चालते. मात्र नियमितपणा हवा. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी आळे तुडुंब भरले, तर फळे तडकतात. झाडाभोवती भाताचा पेंढा, पातेरा किंवा नारळाची सोडणे पसरावीत. त्यामुळे ओल टिकते आणि मुळांजवळची माती थंड राहते.

फुले व फळे यांची निगा

फुले गळू लागली, की पुष्कळ शेतकरी घाबरतात. गळालेले फूल हातात घेऊन पाहावे. ज्याचे बूड निमुळते, घंटेसारखे असते, ते नर फूल होय. त्याला फळ धरत नाही आणि ते गळणारच. ज्याचे बूड कुंभासारखे फुगीर असते, त्या फुलाला फळ धरते. अशी फुले गळत असतील, तरच पाण्यात किंवा पोषणात दोष आहे असे समजावे.

फळे लिंबाएवढी झाली, की विरळणी करावी. दोन फळे एकमेकांना चिकटलेली असल्यास एक काढावे, कारण त्या फटीत अळीला आसरा मिळतो. चार-पाच वर्षांच्या झाडावर ३० ते ४० फळांपेक्षा अधिक ठेवू नयेत.

याच वेळी फळमुकुटातील वाळलेले पुंकेसर काडीने काढून टाकावेत आणि प्रत्येक फळास कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. फळ पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू फुलांवर व कोवळ्या फळांवर अंडी घालते. अळी आत शिरून दाणे खाते. फळावर छिद्र, त्यातून बाहेर आलेली विष्ठा व दुर्गंधी ही तिची खूण. असे फळ तत्काळ तोडून खोल पुरावे. २५ झाडांच्या बागेत पिशव्या बांधणे दोन माणसांचे दोन-तीन दिवसांचे काम आहे आणि त्यामुळे विषारी औषधांची गरज फार कमी होते.

फळातील रस शोषणारा पतंग ही दुसरी कीड. तो रात्री येतो आणि सोंड खुपसून रस शोषतो. त्या जागी फळ कुजते. त्याच्या अळ्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींवर वाढतात. या पतंगाचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर लगेच असतो. उन्हाळी फळ त्याच्या तडाख्यातून बरेचसे सुटते, हा आपल्या वेळापत्रकाचा आणखी एक लाभ आहे.

तेल्या व मर

तेल्याची सुरुवात पानावरील पाणी शोषल्यासारख्या तेलकट ठिपक्यांनी होते. पुढे ठिपके तपकिरी-काळे होतात. फळावर काळा डाग पडून त्यात आडवीउभी भेग जाते. खोडावर डाग पडल्यास फांदी तेथे मोडते. एकदा रोग बळावला, की त्यावर हमखास औषध नाही. निरोगी कलमे, स्वच्छ हत्यारे, कोरड्या हंगामातील फळ व वेळेवर बोर्डो मिश्रण हे चार उपाय एकत्र केले, तरच तो आटोक्यात राहतो.

बोर्डो मिश्रण कोकणास नवीन नाही. सुपारीच्या कोळे रोगासाठी ते येथे पिढ्यानपिढ्या वापरात आहे. एक टक्का मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना ५ लिटर पाण्यात विरवून गाळून घ्यावा. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतून ढवळत राहावे. मग स्वच्छ लोखंडी विळा त्यात क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला, तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळी पाने किंवा फळे असताना निम्म्या शक्तीचे, म्हणजे अर्धा टक्का मिश्रण वापरावे.

मर रोगात प्रथम एखादी फांदी पिवळी पडते आणि हळूहळू सर्व झाड वाळते. असे झाड मुळासकट काढून जाळावे. त्या खड्ड्यात पुन्हा डाळिंब लावू नये आणि त्या खड्ड्याचे पाणी शेजारच्या झाडाकडे जाऊ देऊ नये. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिल्यास मुळांचे काही प्रमाणात रक्षण होते. परंतु ज्या ढिगावर पाणी साचत नाही, तो ढीगच मुळांचे खरे रक्षण करतो.

पावसाळ्यातील निगा

फळे उतरल्यावर, पहिला पाऊस येण्यापूर्वी, झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. पावसाने उघडीप दिली, की ती फवारणी पुन्हा करावी. आळे मोडून ढिगाचा उतार नीट करावा आणि चर मोकळे ठेवावेत. बुडाजवळचे ओले आच्छादन दूर करावे. जून ते सप्टेंबर या काळात झाडावर येणारे प्रत्येक फूल खुडावे. हे करताना मन कचरते. फुललेल्या झाडावर हात टाकणे कोणाला आवडते? पण पावसाळ्यातील एक फळ म्हणजे रोगाचे एक बीज होय. ते झाडावर राहिले, तर पुढील बहाराच्या फळांपर्यंत रोग पोहोचवते.

काढणी

फळाचा तजेलदार रंग किंचित मावळतो, फुगीर बाजू चपट्या होऊन कडा दिसू लागतात, मुकुटाची टोके आत वळतात आणि बोटाने वाजविल्यास धातूसारखा आवाज येतो. या खुणा दिसताच फळ कात्रीने देठासह कापावे. ओढून तोडू नये. मे महिन्यात आभाळ भरून येत असेल, तर पक्व झालेली फळे त्याच दिवशी उतरवावीत. वळवाच्या एका सरीने महिनाभर उन्हात पोसलेले फळ तडकते.

कार्यकर्त्यांसाठी चार शब्द

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कोकणात डाळिंबाच्या मोठ्या व्यापारी बागा लावण्याचा सल्ला देऊ नये. रंग व उत्पन्न यांत येथील बागा पठाराशी बरोबरी करू शकणार नाहीत आणि एखादा लांबलेला पाऊस सारे भांडवल बुडवू शकतो. आंबा, काजू, नारळ, सुपारी व कोकम ही येथील खरी दैवते आहेत. परंतु ५ ते १० झाडांची परसबाग ही वेगळी गोष्ट आहे. घरातील मुलांना, बाळंतिणीला व आजारी माणसाला फळ मिळते आणि उरलेले गावातच विकले जाते.

सल्ला देण्यापूर्वी पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात. पावसाळ्यात त्या जागी पाणी साचते काय? दिवसभर ऊन मिळते काय? नोव्हेंबर ते मे पाणी पुरेल काय? कलम निरोगी झाडाचे आहे काय? आणि पावसाळी फुले खुडण्यास घरातील मंडळी तयार आहेत काय? यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल आले, तर त्या घरी डाळिंब सुचवू नये.

प्रारंभी उल्लेख केलेल्या शेतकरी बंधूंची १८ झाडे उरली होती. त्यांच्याभोवती चर खणले, बुडाशी माती चढवली आणि पुढील वर्षी तुळशीच्या लग्नाला पहिले पाणी दिले. त्या मे महिन्यात प्रत्येक झाडाला सरासरी वीस-पंचवीस फळे मिळाली. काही वळवाच्या पावसात तडकली, काहींचा रंग फिका होता. पण खड्ड्यात पुरण्याची वेळ एकाही टोपलीवर आली नाही. त्यांनी पहिल्या तोडीतील चार फळे आजींच्या घरी नेऊन दिली. सल्ला कोणाचा होता, हे त्यांना ठाऊक होते.

हवामान आपल्या हाती नाही, वेळापत्रक मात्र आहे. ज्या शेतकरी बंधूंच्या परसात डाळिंबाचे झाड नुसतेच फुलत असेल, त्यांनी या वर्षी एवढे करून पाहावे : पावसाळ्यातील फुले खुडावीत, पाऊस परतल्यावर महिनाभर पाणी देऊ नये, आणि तुळशीच्या लग्नाला पहिली घागर घालावी.